सातव्या खवल्यापर्यंतची रेघ

प्रिय इरा,

फोटो मिळाले. मंडी मोहल्ल्यातून मोठे छापून आणले आणि दोन दिवस भिंग लावून बघत बसले आहे. बोटभर मासा, पण ऐट बघावी त्याची. शेपटीच्या मुळाशी काजळाचं बोट लावल्यासारखा ठिपका, ओठांशी मिशांची एकच जोडी आणि अंगावरून गेलेली बारीक छिद्रांच्या खवल्यांची रेघ, सातव्या खवल्यावर थांबलेली. पिरियापट्टणच्या त्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, एकेक मासा काचेच्या पेटीत घ्यायचा, खवले मोजायचे आणि परत सोडायचा. ही चिकाटी तू माझ्याकडून घेतलेली नाहीस, हे मी कुणालाही सांगेन.

आपण पुण्याहून म्हैसूरला आलो त्याच्या दुसऱ्या वर्षी जिल्ह्यातल्या माशांच्या पुस्तकासाठी मी चित्रं काढत होते, आठवतं? जेवणाच्या टेबलावर औषधातल्या माशांच्या बाटल्या आणि शेजारी नाक धरून तू, अकरा वर्षांची. या माशाचा रंग उडालेला, कुठे कुठे खवले गळलेले. तू म्हणालीस, रेघ अर्धीच आहे. मी म्हटलं, बाटलीत राहून झिजली असेल, तू अभ्यासाला बस. आणि ती शेपटीपर्यंत ओढून टाकली. सगळ्यांनी त्या रेघेचं कौतुक केलं. मलाही ती फार आवडली होती.

त्यानंतरच्या बारा वर्षांत तीन पाहण्या झाल्या. माणसं ते पुस्तक घेऊन ओढ्यात उतरली, रेघ पुरी नाही म्हणून हातातला मासा सोडून दिला आणि ‘आढळला नाही’ असं लिहून गेली. आता त्या ओढ्यात काँक्रीट घालायचं चाललंय, हा मासा तिथे आहे असं दाखवलं तरच ते थांबेल आणि सोमवारी सुनावणी आहे, हे मला काल तुझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रणेशकडून कळलं. म्हणाला, “अम्मा, रिपोर्ट रेडी आहे, पण ही देईना. सुम्मने, नुसतीच बसलीय, कारणही सांगत नाही.” मग मला तुझा मागच्या आठवड्यातला फोन आठवला. माशाचं ते चित्र आठवतं का, असं विचारलंस आणि मी काही बोलायच्या आत आंब्यांवर गेलीस.

वेडे, मला सांभाळायला निघालीस होय. खरं सांगते, भरून आलं. पण माझ्या नावासाठी तो ओढा जाऊ द्यायचा नाही. फोनवर बोलले असते तर तू माझी समजूत घातली असतीस, शिवाय रिपोर्टला जोडायला कागद लागतो, म्हणून हे लिहितेय. पुस्तकातलं चित्र चुकलं आहे, ते मी काढलं आणि चूक तुला तेव्हाच दिसली होती, असं स्पष्ट लिही. सोबत नवीन चित्र आहे. त्याच्याखाली पूर्ण नावाने सही केली आहे, पुस्तकातल्या चित्राखाली होती तशीच. रेघ सातव्या खवल्यावर सोडली आहे. हात पुढे जात होता, आवरला.

तुझीच,
आई