दादाची बावीस मिनिटं

अप्पा, तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहिलो, एकाच स्टुडिओत काम केलं, तेव्हा पत्राची वेळ आलीच नाही. तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता लिहितेय ते एका कॅमेऱ्याबद्दल आणि दादाबद्दल. दोन्ही एकत्र सांगितलं तर समजून घेईल असं माणूस मला तुमच्याशिवाय दुसरं आठवत नाही.

आधी कॅमेरा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तीन वर्षांपूर्वी घेतला, फुल-फ्रेम मिररलेस. तुमच्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आतला आरसा खटकन वर जायचा आणि तेवढ्या क्षणी डोळ्यासमोर अंधार यायचा. फोटो निघतो तेव्हा काढणारा आंधळा असतो, असं तुम्ही गिऱ्हाइकांना हसून सांगायचात. यात आरसाच नाही. आतला सेन्सर तुमच्या फिल्मच्या एका चौकटीएवढा, म्हणून फुल-फ्रेम. तो सतत उघडा असतो आणि जे बघतो ते पडद्यावर दाखवत राहतो. समोर माणूस आला की त्याचा डोळा स्वतःच शोधतो, डोळ्यावर एक छोटा चौकोन येतो आणि माणूस हलला तरी चौकोन सुटत नाही. हात थरथरला तर सेन्सर आतल्या आत सावरून घेतो. समईच्या उजेडात नवरीच्या नाकातली चमकी दिसते, चित्रावर दाणे येत नाहीत. दोन कार्डांवर एकाच वेळी सारखंच रेकॉर्ड होतं, एक खराब झालं तरी दुसरं शाबूत. आणि एका सेकंदात एकशेवीस चित्रं घेतो. ती सावकाश चालवली की अक्षता हवेत तरंगत खाली येतात. बंगळुरात हल्ली अशा अक्षतांशिवाय एकही लग्नाचा व्हिडिओ पुरा होत नाही. वरच्या बाजूला तीन खाचांचं एक फिरतं कडं आहे. एक खाच फोटोची, दुसरी व्हिडिओची, तिसरी या सावकाश चित्रांची. या तिसऱ्या खाचेत कॅमेरा आवाज घेत नाही. माईक जोडलेला असला तरी नाही. मला हे माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

गेल्या वर्षी दादाचा आवाज बसला. आधी आम्हाला वाटलं शाळेमुळे, पस्तीस वर्षं गणित शिकवलं, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज, कधीतरी बसणारच. वैनी हळदीचं दूध देत राहिल्या. चार महिन्यांनी डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली आणि स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल म्हणाले. गळ्याला भोक राहील, तिथून श्वास घ्यायचा, बोलणं संपलं. दादाने शांतपणे विचारलं, "कधी?" डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातला गुरुवार सांगितला.

बुधवारी सकाळी मी बनशंकरीला त्याच्याकडे गेले. कल्पना माझीच होती. त्याची नात दीड वर्षाची आहे, तिला आजोबांचा आवाज कुठून आठवणार. म्हटलं, दादा, तू तिच्यासाठी काहीतरी बोल, मी नीट रेकॉर्ड करते. त्याला पटवायला तीन दिवस लागले. त्याला कॅमेरा आवडत नाही हे तुम्हाला माहीत नाही, कारण ते तुमच्या जाण्यानंतरचं आहे.

ते लिहायला हवं. तुम्हाला दवाखान्यात ठेवलं होतं त्या दिवशी मी होसकोट्याला एका लग्नात होते, खांद्यावर टेपचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन. दादाचा पहिला फोन आला तेव्हा मी म्हटलं, "मंगळसूत्र झालं की निघते." दुसऱ्या फोनला म्हटलं, "अर्धा तास." तिसरा मला ऐकूच आला नाही, वाजंत्री सुरू होती. मी पोचले तेव्हा तुमचं तोंड झाकलेलं होतं. दादा बाहेर बाकावर बसला होता. मी विचारलं, शेवटी काही बोलले का. तो म्हणाला, "बोलले. तुझं नाव घेऊन बोलले."

"काय?"

"ते ऐकायला तू असायला पाहिजे होतीस."

बस, एवढंच. नंतर एकोणीस वर्षं आम्ही सण केले, त्याच्या मुलाचं लग्न केलं, एकमेकांच्या ताटात वाढलं, पण त्याने ते वाक्य मला सांगितलं नाही आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. फक्त घरातल्या कार्यात मी कॅमेरा काढला की तो तिथून उठून जायचा.

तर बुधवारी तो खिडकीजवळ खुर्चीत बसला. वैनींनी मिक्सर बंद केला, पंखा बंद केला, खालच्या नारळवाल्याला हाक मारून "अण्णा, स्वल्प गप्प राहा" असं अर्धं कन्नड, अर्धं मराठी सांगून आल्या. त्याचा मुलगा म्हणाला, "आत्या, मी पण फोनवर घेऊ का? असू दे एक जास्तीचं." मी हसले. म्हटलं, "मी इथे काय करायला आलेय मग?" त्याने फोन खिशात ठेवला. मी दादाच्या कॉलरला माईक लावला, वायर कॅमेऱ्याला जोडली. हेडफोन पिशवीतच ठेवले. कानाला हेडफोन लावून त्याच्यासमोर बसले असते तर मी लग्नातली व्हिडिओवाली झाले असते, मला त्याची बहीण म्हणून बसायचं होतं. आदल्या दिवशी जयनगरला एक लग्न झालं होतं, अक्षता टिपून झाल्यावर मी कॅमेरा तसाच पिशवीत टाकला होता. उजेड बघितला, रंग बघितला, दोन्ही कार्डं बघितली. ते कडं बघितलं नाही.

"सरी, ठीक आहे," दादा म्हणाला, "चालू कर."

आवाज घोगरा होता, फाटका होता, पण त्याचा होता. तो नातीशी बोलला. निपाणीहून तुम्ही एक पत्र्याची पेटी घेऊन बंगळुरात कसे आलात ते सांगितलं. तिला पाढे म्हणून दाखवले, सतराचा म्हणताना मध्ये थांबला, श्वास घेतला, पुन्हा म्हटला. आणि मग त्याने मान वळवली, कॅमेऱ्याकडून माझ्याकडे. मी कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसले होते. तो म्हणाला, "आणि तू पण ऐक. अप्पा त्या दिवशी..."

त्याच वेळी बाहेर ढग आला असावा, खिडकीतला उजेड एकदम उतरला. त्याच्या चेहऱ्याची एक बाजू काळी पडली आणि डोळ्यावरचा चौकोन थरथरायला लागला. मी चाक फिरवून उजेड वाढवला, चौकोन पुन्हा पकडून दिला. दादा बोलत होता. मला त्याचा आवाज येत होता, पण शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हते, आणि मला त्याची काळजीही वाटली नाही. माझ्या मनात अगदी स्पष्ट आलं, की हे रेकॉर्ड होतंय, घरी जाऊन एकटीने ऐकू. मी मान हलवत राहिले. तो थांबला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. मी पुढे होऊन त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बावीस मिनिटं झाली होती.

लगेच लावून बघायला हवं होतं. पण त्याचा घसा दमला होता, वैनी भात कालवून घेऊन आल्या, आणि तो माझ्याशी इतक्या वर्षांनी सहज बोलत होता, "घे गं, लोणचं घे," असं, की मला उठून यंत्राशी खेळावंसं वाटलं नाही. गुरुवारी एक लग्न घेतलेलं होतं, ते मी नाकारलं. या वेळी मी कुठे गेले नाही, अप्पा. दिवसभर ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसून राहिले, पर्समध्ये दोन्ही कार्डं घेऊन. वैनींना दोनदा काढून दाखवली. म्हटलं, आवाज इथे आहे, काळजी करू नका.

शनिवारी दुपारी घरी येऊन कॉम्प्युटरला लावलं. चित्र इतकं सुंदर होतं की मी स्वतःशीच हसले. त्याच्या पापणीचा एकेक केस दिसत होता. मग पापणी खाली यायला लागली आणि येतच राहिली. ओठ पाण्याखाली असल्यासारखे उघडले. बावीस मिनिटांचे जवळजवळ दोन तास झाले होते आणि त्या दोन तासांत कुठेच आवाजाची रेघ नव्हती. मी दुसरं कार्ड लावलं. त्यावरही सारखंच होतं, ते तसंच असतं ना. मग मी स्पीकरची वायर काढून पुन्हा घातली. कशासाठी घातली ते मला विचारू नका.

मला आपल्या जयनगरच्या स्टुडिओतली एक दुपार आठवते. मी बावीस वर्षांची, नुकतीच तुमच्या हाताखाली आलेली. एक म्हाताऱ्या बाई परदेशातल्या मुलाला पाठवायला फोटो काढायला आल्या आहेत. मी दिवे लावतेय, त्या काहीतरी सांगतायत, आणि मी म्हणतेय, "आजी, बोलू नका, तोंड हलतं." तुम्ही मला बाहेर बोलावता. विचारता, "त्या काय सांगत होत्या?" मी म्हणते, लक्ष नव्हतं. तुम्ही माझ्या हातातला कॅमेरा काढून घेता आणि आत जाता, आणि पाऊण तास मला आतून फक्त त्यांच्या बोलण्याचा आवाज येतो, एकही फोटो निघाल्याचा नाही. तेव्हा मला तुमचा राग आला होता.

मी ते चित्र नेहमीच्या वेगाला आणून शंभर वेळा बघितलं असेल. पाढे ओठांवरून कळतात. "अप्पा" कळतं, ओठ मिटतात म्हणून. त्यानंतर त्याचं तोंड माझ्याकडे वळलेलं आहे आणि कॅमेऱ्याला फक्त गाल दिसतो. बहिऱ्या मुलांना शिकवणाऱ्या एका बाईंकडे लॅपटॉप घेऊन गेले. त्यांनी तीनदा बघितलं. कन्नडमध्ये म्हणाल्या, "अक्का, स्वल्प जरी या बाजूला बघितलं असतं ना. आणि मला मराठी तर येतच नाही." मग हळूच विचारलं, "पण तुम्ही समोरच होता ना?"

घरात त्याचा दुसरा आवाज शोधला. त्याने कधी कुणाला बोलून निरोप पाठवलाच नाही, सगळं टाइप करायचा, तेही पूर्णविराम देऊन. वैनींच्या फोनवर एकच सापडला, चुकून गेलेला. चार सेकंद. "दूध आणू का?" वैनींनी तो मला ऐकवला आणि फोन छातीशी धरून स्वयंपाकघरात गेल्या.

दादाला मी तीन आठवड्यांनी सांगितलं. तो घरी आला होता, गळ्यावर जाळीचा रुमाल, मांडीवर नातीची प्लास्टिकची पाटी, बटण दाबलं की अक्षरं पुसणारी. मी सगळं सांगितलं, खाच, अक्षता, हेडफोन, फोन खिशात ठेवायला लावला तेही. तो ऐकत होता. त्याच्या गळ्यातून श्वासाचा आवाज येत होता, बाकी काही नाही. माझं संपल्यावर त्याने मांडीवरची पाटी सरळ केली. मग त्याने पाटीवर लिहिलं, "तिला काय कळणार होतं. पाढे शाळेत शिकेल." पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली.

"अप्पांचं तू ऐकलंस ना?"

त्याचं अक्षर तुमच्यासारखंच आहे, ऐ ची मात्रा लांब ओढलेली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. एकोणीस वर्षं त्याने ते एकट्याने सांभाळलं होतं, आणि आवाजाचा शेवटचा दिवस त्याने त्यावर घालवला होता. मी नाही म्हटलं असतं तर त्याने कदाचित लिहून दिलं असतं. पाटी होती, तो होता, दोन ओळींचं काम होतं.

मी म्हटलं, "हो दादा, ऐकलं."

त्याचे खांदे खाली आले. त्याने लिहिलं, "मग झालं," आणि बटण दाबलं.

गेल्या महिन्यात गाठ फुप्फुसात सापडली. आता तो बहुतेक वेळ झोपलेला असतो, पाटीला हात लावत नाही. मी एक दिवसाआड जाते. तो डोळे उघडून माझ्याकडे बघतो तेव्हा त्याच्या नजरेत पूर्वीचं काही नसतं, अगदी स्वच्छ बघतो, आपल्यात आता काही राहिलं नाही अशा खात्रीने. ते बघून मी दर वेळी घरी परत येते.

हे पत्र पाठवण्यासारखं ठिकाण नाही, ते एक बरंच आहे. वैनी मला विचारतात, अप्पा शेवटी काय म्हणाले होते ते तुम्हाला सांगितलं म्हणे यांनी. मी म्हणते, हो, सांगितलं. त्या विचारतात, काय? आणि अप्पा, मी त्यांना काहीतरी सांगते. दर वेळी थोडं वेगळं सांगते.