बटण नसलेला उतार

रवि., २४ नोव्हें., सेंगकांग, सिंगापूर
स्कीचा सहावा, शेवटचा तास. सरकत्या कार्पेटचा उतरता पट्टा, समोर आरसा, आपण जागच्या जागी. मी दहा मिनिटं न पडता. कोच म्हणाला, "नॉट बॅड, आंटी." आंटी सोडलं तर मान्य. इरा दोनदा पडली, फुगून बसली. तेरा वर्षांची घोडी. या वर्षात पोहणं सोडलं, व्हायोलिन सोडलं. बजावलंय, होक्काइडोला वरच्या लिफ्टनं जाऊन अख्खा उतार उतरायचा, मधेच सोडायचं नाही. संदीप म्हणतो, पोरीला सुट्टी दे, प्रोजेक्ट देऊ नकोस. नवऱ्यांना काय जातंय बोलायला.

गुरु., ५ डिसें., होक्काइडो, जपान
पोचलो. सीझन नुकताच सुरू, बर्फ जेमतेम, मधेमधे गवत डोकावतंय. दोनच लिफ्ट चालू. पुरेत. संदीप थेट गरम पाण्याच्या कुंडात.

शुक्र., ६ डिसें.
छोटा उतार. ऐटीत निघाले आणि निम्म्यात लक्षात आलं, आपल्याला थांबता येत नाही. सहा रविवार थांबवायचं काम कोचचं. तो बटण दाबायचा, पट्टा थांबायचा. क्लासमधल्या एवढ्या सगळ्या इंजिनिअर लोकांत एकालाही हे खटकलं नाही. जाळीत जाऊन अडकले. एका जपानी आजोबांनी उठवलं, शिवाय वाकून माफीही मागितली. दुपारभर इथल्या शिकवणाऱ्या बाईंकडे नुसतं थांबणं शिकलो. स्कीची पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर. इराला लगेच जमलं. मलाही. बहुतेक.

शनि., ७ डिसें.
वरची लिफ्ट. वरून खाली बघितलं, उतार भिंतीसारखा. तरी निघाले, मागे हटणारी नाही मी.
हटले. दोनदा आपटले, मग स्की काढल्या, खांद्यावर टाकल्या आणि कडेकडेनं चालत खाली. इरा पुढे गेली होती, ती थांबली. बघत राहिली. मग तिनंही काढल्या. खालीपर्यंत दोघी चालतच.
कोको पिताना म्हणाली, "आई, यू ऑल्सो स्टॉप हाफवे वॉट." म्हणजे, तूही मधेच थांबतेस की. चिडवत नव्हती. ऑफिसात वीस जणांची तोंडं बंद करते मी, इथे तिचंच खरं होतं. शेवटी विचारलं, पोहणं का सोडलंस. वर्षभरात पहिल्यांदा विचारलं, आजवर नुसतं ऐकवलं.
"तू प्रत्येक वेळी स्टॉपवॉच लावून टाइम घ्यायचीस."
एवढंच. फार लाज वाटली.

रवि., ८ डिसें.
विमान संध्याकाळी. सकाळी इरा म्हणाली, एकदा परत जाते, एकटी. "तू खाली थांब. फोटो नको, व्हिडिओ नको. कॅन?"
कॅन, चालेल, म्हटलं. हातातला फोन बॅगेत टाकला. हेल्मेटचा पट्टा तपासू दिला तिनं, मग लिफ्टवर बसली, मागे वळून बघितलं नाही.
खाली कॉफी घेऊन बाकावर बसलेय. बारीक बर्फ पडायला लागलंय. भाड्याची जॅकेटं सगळी लाल, त्यामुळे वरचं कोण कोणाचं कळत नाही. तिघं उतरताहेत. त्यातलं एक अर्ध्या वाटेत थांबलंय, केव्हाचं. इरा असेल, नसेलही. पायी आली तरी चालेल मला. हे लिहिताना दोनदा खोडलं, पण आता खरंच तसं वाटतंय.
ते लाल जॅकेट हललं.