आईच्या दंडावरचा रक्तदाब

चि. स्नेहल,

तू झोपली आहेस, म्हणून लिहून ठेवतो. बाळंतपणानंतर रोज मोबाइलवरून परिचारिकाबाईंना कळवायचा रक्तदाब गेले दोन दिवस तुझा नसून तुझ्या आईचा होता, हे तिनेच मघाशी चहा ओतताना कबूल केले. "पोरगी आकडा पाहून रडून राहिली होती, म्हून मीच दंड पुढं केला. आता कायले चिडता?" असे वर मलाच विचारले. नामकरणाआधी पुन्हा दवाखान्यात ठेवून घेतील, ही तुझी धास्ती मला समजते. मान्य मात्र नाही.

तुझ्या झोपेतच मी पट्टा बांधून पाहिला. आकडा बराच चढलेला आहे. बाईंना खरे ते सांगितले. त्यांनी आजच गोंदियाला बोलावले आहे. शेजारच्या अश्विनची गाडी घेऊन येतो. आई उशाशी आहे. डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिला तत्काळ सांग.

बाळ तुझ्यासोबतच राहील, एवढे मी बाईंशी वाद घालून मिळवले आहे. विधी पुढे ढकलू. पाहुण्यांचे रुसवे मी पाहून घेईन. गाडीत माझ्याशी भांडू नकोस. बरी झाल्यावर हवे तितके भांड. त्या वेळी मी आनंदाने हरेन.

तुझा,
बाबा