हर्षाची पहिली चवथ

३ ऑगस्ट, रविवार

चंद्रावती आली होती पाळीहून. एवढ्या पावसात, दोन बस बदलून! बालवाडीत दहा वर्षं माझी मदतनीस होती, अजून मला 'टीचर'च म्हणते. तिची गौरवी बॅग घेऊन सासरहून परत आली आहे. नवरा हात उचलतो. आणि सख्खा भाऊ, तो साईश, म्हणतो गणपतीच्या चवथीआधी तिला परत नेऊन घाला, लोक काय म्हणतील. "टीचर, कितें करूं?" एवढं बोलली आणि रडायलाच लागली.

मी सरळ सांगितलं – दार उघडं ठेव. तिला काही विचारू नकोस, आधी पोटभर जेवायला वाढ. चवथ दर वर्षी येते, मुलगी एकच आहे. आणि साईशला म्हणावं, आधी मला येऊन भेट!

चहा-पाव खाऊन गेली बिचारी, जरा हलकी होऊन. आमचे हे पेपरात तोंड घालून बसले होते. म्हणाले, "बरें सांगलें गो." स्वतः कधी कुणाला काही सांगत नाहीत. कचेरीत तीस वर्षं काढली, पण अर्ज कसा लिहायचा हे विचारायला कुणी आलं तर सांगत बसायचे नाहीत, लिहूनच द्यायचे. मला मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. अख्खं मुळगाव येतं विचारायला!

७ ऑगस्ट, गुरुवार

हर्षाची ही लग्नानंतरची पहिली चवथ. म्हणजे आमच्याकडून पेडण्याला चवथीच्या भेटीचं वजें जायला हवं – नेवऱ्या, लाडू, खाजं, केळ्यांचे घड, नारळ, फळांच्या टोपल्या. सासरी ते वाड्यावर घरोघर वाटतात, त्यामुळे हात आखडून चालत नाही. जाऊबाईंनी त्यांच्या पूनमचं पाठवलं होतं, त्याचं लोक अजून नाव काढतात. माझी तर एकुलती एक! यादी केली. ह्यांना दाखवली. "जाता," म्हणाले. होईल म्हणे.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी हर्षाचा फोन. हळू आवाजात. "आई, म्हाका घरा व्हर." घरी ने!

प्रज्योत तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. मैत्रिणीशी फोनवर हसत होती, एवढंच कारण. चौथ्या दिवशी बोलला तो मनगट पिरगाळून. सूज आहे म्हणाली. हळद लावली म्हणाली. मे महिन्यात लग्न झालं माझ्या पोरीचं, हातावरची मेंदी जाऊन किती दिवस झाले असतील?

आणि मी काय सांगितलं? लिहायला हात होत नाही, पण लिहिते. "चवथ जांव दी गो. वजें येऊं दी. मागीर पळोवया." मग बघू! आणि वर हेही की नवीन संसारात असं होतं, तू पण जरा जपून राहा. ती म्हणाली, "बरें." एवढंच.

आठ दिवस झाले नाहीत चंद्रावतीला सांगून. हेच तोंड, हीच जीभ.

हे उठून स्कूटरची किल्ली शोधायला लागले. "हांव हाडटां तिका," आत्ताच जाऊन घेऊन येतो म्हणाले. मी किल्ली पदराखाली घेतली. म्हटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे, सगळ्या गावाला वजें सांगून झालंय, नारळ उतरवलेत, मुलगीच इथे असली तर ते घेऊन जायचं कुणाकडे? हे परत जाऊन खुर्चीत बसले.

११ ऑगस्ट, सोमवार

मी फोन केला नाही. तिनेही केला नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर महिला मंडळाचा कार्यक्रम. मला बोलायला सांगितलं. काय बोलू? तेच बोलले – आयांनो, लेकीला परकी करू नका, तिची माहेरची वाट बंद करू नका. टाळ्या! पुढच्या रांगेत दोन बायका पदराने डोळे पुसत होत्या. एक म्हातारी तर पाया पडायला आली, मी मागे सरकले.

घरी येऊन न्हाणीत नळ सोडला आणि खूप रडले. लबाड बाई आहे मी. नाही, लबाडही नाही – चंद्रावतीला सांगितलं तेव्हा अगदी मनापासून सांगितलं होतं. दुसऱ्याच्या मुलीचं दुःख मला स्वच्छ दिसतं. माझ्या मुलीचं दिसतं त्याच्या आधी मला पेडण्याचा वाडा दिसतो, तिची सासू पद्मावतीबाई दिसते, जाऊबाईंचं तोंड दिसतं. आग लागो त्या तोंडाला.

पण फोन नाही केला.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नेवऱ्या तळायला घेतल्या. शेजारच्या चौघीजणी आल्या आहेत. घर हसण्याने भरलं आहे आणि मी सारण भरता भरता फोनकडे बघते आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

हे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेले, गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या माटोळीचं सामान आणायला. दिवस बुडायला आला तेव्हा परतले. आणलं काय तर एक पपनस आणि कातऱ्याची दोन फळं! माणसाला एक काम सांगायची सोय नाही. मी बडबडले. त्यांनी अंगणात जाऊन स्कूटर धुवायला घेतली.

२४ ऑगस्ट, रविवार

हर्षाला फोन केला, शेवटी. "बरी आसस मगो?" "हां." आवाज बरा वाटला. मागे कुणीतरी बाईमाणूस खळखळून हसत होतं. म्हटलं चला, घरात हसणंबोलणं तरी आहे. निवळलं असेल. जीव भांड्यात पडला. उगीच मी स्वतःला खात होते!

२६ ऑगस्ट, मंगळवार

वजें नेलं. ह्यांची पाठ धरली म्हणून आले नाहीत, माझा भाऊ श्रीनाथ आला पिकअप घेऊन. पेडण्याला पोचलो तर वाड्यावरच्या बायका आधीच दारात जमलेल्या. मी हर्षाला शोधते आहे. दिसेना.

पद्मावतीबाई म्हणाल्या, "हर्षा खंय? ती शुक्रवारीं बशीन गेली न्हय तुमगेर, नेवऱ्यो करूंक?"

शुक्रवारी! बसने! आज मंगळवार. मग रविवारी माझ्याशी फोनवर बोलली ती कुठून? प्रज्योत खांबाला टेकून मोबाईल बघत होता, त्याने मान वर केली नाही. चार दिवसांत बायकोला त्याने एक फोन केला नव्हता.

आणि मी? मी किंचाळले का? माझी पोर कुठे आहे म्हणून त्याची गचांडी धरली का? नाही. मी हसले. म्हटलं, "होय होय, घरांतच आसा. मातशें बरें ना तिका, म्हण हाडूंक ना." बरं नाही म्हणून आणली नाही, अशी थाप मारून एकेक टोपली उतरवून घेतली. नेवऱ्यांचं कौतुक ऐकलं. चहा प्याले! देवा, मी चहा प्याले.

गाडीत बसल्यावर फोन लावला. बंद. परत लावला, बंद. ह्यांना लावला, ओरडले, रडले. हे म्हणाले, "घरा यो. जीव घाबरा करूं नाका." इतक्या थंडपणे! राग आला मला, असा आला की फोन आपटला. वाटेत दिसेल त्या विहिरीकडे, नदीकडे बघवत नव्हतं. श्रीनाथला म्हटलं पोलिसांत जाऊ. घरी आल्यावर हे म्हणाले, "फाल्यां सकाळपर्यंत राव." उद्या सकाळपर्यंत थांब म्हणे!

२७ ऑगस्ट, चवथ

गणपती बसले. माझं लक्ष नाही. आरतीच्या आधी चंद्रावतीचा फोन – "टीचर, रागार जाऊं नाकात. तुमचें चेडूं म्हजेगेर आसा. शुक्रवारसावन."

माझी पोर तिच्या घरी, शुक्रवारपासून! जिवंत आहे. हात बरा आहे. जेवते. गौरवीच्या खोलीत दोघी झोपतात. रविवारी फोनमागे हसत होती ती गौरवी.

म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस गं? ती चाचरत म्हणाली, हर्षाने शपथ घातली होती – आईक सांगूं नाका, ती म्हाका परत व्हरून घालतली. मग म्हणाली, "हांवें कांय विचारूंक ना तिका, टीचर. तुमी सांगिल्लें तशेंच केलें."

माझ्याच शब्दांनी तिने माझी मुलगी सांभाळली. माझ्याकडून.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काल दीड दिवसाचा गणपती पोचवला. आज ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून पाळीला गेले. चंद्रावतीचं घर मी कधी पाहिलेलं नाही. ह्यांनी कुणालाही न विचारता आतल्या रस्त्याला गाडी घातली आणि थेट तिच्या अंगणात उभी केली.

पेडण्याहून तिला तिथे आणून सोडणारे हेच.

हर्षा बाहेर आली नाही. मी ह्यांना विचारलं, प्रज्योतपासून लपवायची होती तर आपल्या घरी का नाही आणलीत?

"प्रज्योतापासून न्हय गो," म्हणाले. "तुज्यापासून."