मेजपोशाची मागची बाजू

३ मार्च, सकाळ
बायको, घिता, माहेरी मेकनेसला. तिच्या माघारी माझ्या सिगरेटनं साखरपुड्याच्या मेजपोशाला भोक पाडलं. लहानसंच. निळ्या रेशमाचं फासी, म्हणजे आमच्या फेस शहराचं भरतकाम, घितानं आमच्या शामाच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं बसून केलेलं. घाबरायचं काही कारण नाही. पोस्टात असताना फाटकी पार्सलं मीच शिवायचो.

दुपार
दोऱ्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, सिदी, आपला फेसचा टाका कापडाचे धागे मोजून घालतात, उलटसुलट सारखाच दिसतो, तुम्हाला नाही जमायचा. रबातचा टाका सोपा, नुसता भरत जायचा, मागून कोण बघतंय? आगाऊ आहे, पण शेवटचं पटलं. रबातचाच घालणार. टाका तो टाका.

४ मार्च
फूल भरलं. शामा म्हणाली, बाबा, हा कोबी आहे का? लांबून फूलच वाटतं. मागे थोडा गुंता आहे. आईला सांगायचं नाही, अशी तिला शपथ घातली. ती म्हणाली, अहो बाबा, मुलाची आजी कापड उलटून बघते! बघू दे. कोपऱ्यावर चहाचं तबक ठेवणार. सिगरेट आजपासून बंद.

६ मार्च
साखरपुडा. घिता तीनदा म्हणाली, अहो, तबक आत न्या, चहा गार झाला. मला गारच आवडतो, म्हटलं. शेवटी आजीनं, लल्ला तामूंनी, स्वतःच तबक उचललं. कोपरा उलटला. विचारलं, हे कुणाचं काम? मी तोंड उघडणारच होतो, तेवढ्यात शामा म्हणाली, माझं.
लल्ला तामू म्हणाल्या, मग लग्नाचं सावकाश बघू. आणि उठल्या.

७ मार्च
घिता शामाशी बोलत नाही. मुलाचा फोन नाही. उद्या जाऊन सगळं सांगणार. आज डोकं दुखतंय.

८ मार्च
पाऊस.

१० मार्च
शामा जेवत नाही. डोळे सुजलेत. मलाही रडू आलं. सिगरेट ओढली, एकच.

११ मार्च
गेलो. पाठ केलेलं भाषण विसरलो. एवढंच म्हणालो, ते काम माझं. लल्ला तामू म्हणाल्या, ठाऊक आहे. बापाला पाठीशी घालणारी पोर मला तेव्हाच आवडली. बाप कधी बोलतो, तेवढंच बघत होते. फार वेळ लावलात, सिदी.
लग्न ठरलं! शेवटी मीच जुळवलं म्हणायचं.
मग आमच्या घरून मेजपोश मागवून त्यांनी माझ्या हातात कात्री दिली, उसवा म्हणाल्या. उसवताना शेजारचं घितानं भरलेलं अख्खं पान कापलं गेलं. कात्री काढून घेत त्या म्हणाल्या, जा, आता हे बायकोला सांगा.
घराच्या पायरीवर बसून लिहितोय. आतून घिता विचारतेय, कोण आहे?