सखाबाईचं जेवण किती?

बोडीटोला, ता. साकोली
६ जानेवारी २०१९

चि. सौ. ज्योत्सनास,

बापाचे अनेक आशीर्वाद. इकडे सारे खुशाल आहेत, तुझी माय सोडून. आणि तिचं काय बिघडलं ते मले समजून नाही राहिलं.

पत्र कायले लिहिता म्हणशील. फोन कानाले लावला का मले नुसतं घूं घूं ऐकू येते, आणि तुझ्या मायच्या हाती दिला तर "मी मस्त आहे वो" म्हणून ती ठेवून देते. मस्त कायची? काल जेवल्यावर थोड्या वेळानं उलटी. परवाही तेच.

शुगर आणि गुडघे पाहून नागपूरच्या डॉक्टरनं तिचं पोट कापून लहान केलं, इथपर्यंत मी समजलो. मग महिनाभर तुझ्याकडे भंडाऱ्याला ताक, वरणाचं पाणी आणि गाळलेली पेज यावर राहिली, तेही ठीक. आता मऊ जेवण चालू करा म्हणून तू तिले घरी पाठवलं आणि सांगितलं, एका वेळी तीन चमचे. बाई, कोणता चमचा? घरात चहाचा आहे, पोह्याचा आहे, भाजी वाढायचा तर पळीएवढा आहे. सूनबाईनं पोह्याचा धरला. तुझ्या भावानं, चंदननं, तलावातून मरळ आणली होती, तिचे काटे काढून, कुसकरून, दोन चमचे मासोळी आणि एक चमचा मऊ भात दिला. एवढ्यावर आपली कोंबडी नाही राहत! तेवढंही पोटात टिकत नाही म्हणजे काय समजायचं?

नातवाच्या अंगावर माता आली हे ऐकलं. त्याले जप. उत्तर लवकर धाड, मी डाकवाल्याची वाट पाहून राहिलो.

तुझा बाप,
मोतीलाल


भंडारा
१० जानेवारी २०१९

तीर्थरूप बाबांस,

ज्योत्सनाचा शि. सा. न. वि. वि. पत्र मिळालं. चमच्यावरून एवढं मोठं पत्र लिहिणारा बाप साऱ्या जिल्ह्यात माझाच असेल!

चमचा पोह्याचाच. माप बरोबर आहे. आधी मासोळी, अंडं नाही तर मुगाचं वरण, आणि जागा उरली तरच भात. घास बोराएवढा, आणि तो तोंडातच पाणी होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. पोट भरल्यासारखं वाटलं की ताटात उरलं तरी थांबायचं. तिचं पोट आता आधीसारखं नाही बाबा, एक घास जास्त झाला तरी तो परत येतो.

म्हणून विचारते, रागावू नका. तुम्ही तिला आग्रह करून राहिले का? "घे वो, एवढ्यानं काय होते" असं म्हणता का? तुमचा आग्रह मला माहीत आहे. मी माहेरी आले की दोन दिवस मला वाकता येत नाही.

डॉक्टरांशी बोलले. उलट्या थांबल्या नाहीत तर पोटात कॅमेरा घालून पाहतील, आणि गरज पडली तर पुन्हा ऑपरेशन म्हणतात. पोराच्या कांजण्या उतरेपर्यंत मला येता येत नाही, तिला लागण झाली तर काय करायचं? तुम्हीच लक्ष ठेवा.

आईला सांगा, मी रोज आठवण काढते. मोठ्यांना नमस्कार, पोरांना पापा.

तुमची लेक,
ज्योत्सना


बोडीटोला
१५ जानेवारी २०१९

चि. सौ. ज्योत्सनास,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून मले राग आला, तो आधी लिहितो म्हणजे उतरेल. मी आग्रह करतो म्हणे! मी तिच्यासमोर पाटावर बसतो, तोंडातून एक शब्द काढत नाही. ती बोराएवढा घास चावत बसते आणि मी तिच्या जबड्याकडे पाहत बसतो. चंदन म्हणते, बाबा, तुम्ही तलावाच्या काठावर गळ टाकून बसल्यासारखे दिसता.

जेवण बरोबर होते. ती हसतखेळत उठते. मग आम्ही जेवतो, ती नातवंडांना भरवते, आवराआवर करते, आणि दिवा लागल्यावर पोट धरून मागच्या दारी पळते. आता सांग, हे काय आहे?

सूनबाई म्हणाली मासोळी जड पडते. मासोळी बंद केली, अंडं दिलं. तरी तेच. मले वाटलं पाणी पिते, म्हणून मी माठावर पहारा दिला. तरी तेच. शेजारची उषाबाई नजर काढून गेली, ती मिरची जळाली आणि आम्ही सारे खोकत बसलो, बाकी काही नाही. शेवटी मी तुझ्या मायले स्पष्टच विचारलं, चोरून काही खाते का. तिच्या डोळ्यात टचकन पाणी आलं. तलावाकडे हात करून म्हणाली, तुम्ही दिलं त्याच्यावर मी काही जेवली असेल तर ह्या पाण्यात आपल्याले पुन्हा मासोळी नाही लागो. धिवराच्या घरात याच्यापेक्षा मोठी शपथ कोणती?

ती खोटं बोलत नाही. तुझं माप खोटं नाही. मग पोट कायनं भरते? माझं डोकं काम नाही करत. आज उठली तर चक्कर आली, खाटेवर बसवली. एवढी मोठी बाई, ऑपरेशनातून वाचली आणि आता चमच्याच्या हिशेबात माझ्या हातून जाते का काय? मले लई भेव वाटून राहिलं, बेटा.

काही सुचत असलं तर लिही.

तुझा बाप,
मोतीलाल


बोडीटोला
१७ जानेवारी २०१९

चि. सौ. ज्योत्सनास,

आशीर्वाद. तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो, कारण सापडलं.

परवा आमची जेवणं झाल्यावर मी बाहेर न जाता मागच्या दारी लाकडं रचत बसलो. तुझी माय भांडी घेऊन घासायले बसली. चंदनच्या पोरानं भात टाकून दिला होता, तो तिनं बोटानं गोळा केला आणि तोंडात टाकला. मग चंदनच्या ताटातला रस्सा. मग भाताचा गंज घेतला, त्याची खरवड चमच्यानं काढली आणि खाल्ली. मग तो घासला. हे सारं बोलता बोलता, माझ्याकडे पाहून, मले म्हणते का उद्या थंडी वाढेल.

मी ओरडलो, सखे, हे काय करून राहिली? ती घाबरली. म्हणाली, भांडी घासून राहिली. मी म्हटलं, खाऊन राहिली तू! तर ती माझ्याच तोंडाकडे पाहे. म्हणे, हे खाणं थोडंच होय, हे तर उरलेलं होय.

बेटा, ती खोटं नव्हती बोलत. तिच्या लेखी ते जेवणच नव्हे. लग्न होऊन आली तेव्हापासून ती असंच गंज पुसून खात आली, आणि शुगर कायनं वाढली म्हणून आम्ही तिचं ताट तपासत राहिलो.

मी म्हटलं, उरलं ते कोंबड्यांना टाक. तर रडायले बसली. अन्न टाकवत नाही तिले. मग मीच गंज ओढला आणि ती खरवड खाल्ली. मीठ जास्त होतं. आता भांडी सूनबाई आणि चंदन घासतात, उरलेलं मी संपवतो. पण तुझी माय दिवसभर दारात उभी राहते, हात कुठं ठेवावा ते तिले समजत नाही. आणि तिले असं पाहून काय करावं ते मले समजत नाही. काल उलटी झाली नाही, हे डॉक्टरले सांग.

नातवाले गोड पापा.

तुझा बाप,
मोतीलाल


बोडीटोला
२४ जानेवारी २०१९

चि. ज्योत्सनास,

मायचा आशीर्वाद. मी चौथीपर्यंत शिकली, चुकलं तर हसू नको. उलट्या थांबल्या. चक्करही नाही. डॉक्टरले म्हण, कॅमेरा त्याच्याच पोटात घाल.

पण मले काही समजत नाही वो. तुझे बाबा म्हणतात, सखा आधी जेवेल, मग बाकीचे. सारे भोवती बसतात. मी पहिला घास घेते तर मले लाज वाटते, जसं दुसऱ्याच्या घरी जेवून राहिली. सूनबाई चुलीपाशी बसली असते आणि मी ताटावर. तिले म्हटलं, तूही बस, मागं नको राहू. ती म्हणाली, मग वाढणार कोण? चंदन उठला आणि त्यानं वाढलं. भात सांडला, पण वाढलं.

काल मरळ होती. दोनच चमचे. शेवटचा घास उरला आणि पोट भरलं. हात आपोआप तोंडाकडे गेला, तर तुझ्या बाबांनी ताट ओढलं आणि माझा उष्टा घास खाऊन टाकला. पोरांसमोर! मी खाली मान घातली. हसू का रडू, समजेना.

एक सांगते, कोणाले सांगू नको. धिवराच्या घरी जन्मली, धिवराच्या घरी आली, आणि एवढे वर्ष मले वाटत होतं का मले मासोळी आवडत नाही. साऱ्यांचं झाल्यावर थंडगार रस्सा आणि डोकं उरे, तेच मले मासोळी वाटे. काल गरम होती, आणि उलटीचं भेव नव्हतं. काटा काढलेली, मधला तुकडा.

लई गोड लागते वो.

तुझी माय,
सखाबाई