रिकाम्या बॅगेची थिअरी

गुरुवार, थँक्सगिव्हिंगचा सण. दुपार.
सकाळी गावच्या शर्यतीत बॉम्ब फुटला. बरेच जखमी. पोलिसांना काही सुचत नाहीये, टीव्हीवर त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळतं. मी हार्डवेअरच्या दुकानात माल परत घ्यायच्या काउंटरवर आयुष्य काढलंय. खोटारडा चेहरा मला लांबून ओळखू येतो. ठरलं. गुन्हेगार मीच शोधणार.
माझी बायको लोर्ना चर्चतर्फे तिथेच उभी होती. थरथरत घरी आली, काहीतरी सांगत होती. घाबरलेल्या साक्षीदाराचा उपयोग नसतो. तिला टर्की गरम करायला सांगितली.

शुक्रवार.
ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरलो. सगळे तज्ज्ञ. गर्दीचे ढिगाने फोटो. निकष माझा: सगळे धावणाऱ्यांकडे बघत असताना जो भलतीकडे बघतो, तो संशयित. निम्मं गाव निघालं. निकष सुधारला: पाठीवर बॅगही हवी.
संकल्प: भक्कम पुराव्याशिवाय कोणाचंही नाव घ्यायचं नाही.

शुक्रवार, संध्याकाळ.
सापडला. करडं जाकीट, सावळा पोरगा. आधीच्या फोटोत बॅग जड, पट्टे ताणलेले. नंतरच्या फोटोत तीच बॅग चपटी. मधल्या फोटोत त्याच्याकडून काहीतरी घेणारा पिवळा हातमोजा. म्हणजे साथीदार. बाई, साठीची, मनगट जाड, निर्ढावलेली. ग्रुपवर टाकलं. वाहवा झाली. अपेक्षित होतीच.

शनिवार.
ग्रुपने नाव काढलं: समीर घिमिरे. नेपाळी कुटुंब, आईचं किराणा दुकान. नाव मी घेतलेलं नाही, संकल्प शाबूत.
लोर्नाने स्क्रीन बघितली आणि भडकलीच. म्हणे, हा औषधाच्या दुकानात असतो, तुझ्या बीपीच्या गोळ्या हाच देतो, डोळे कुठे असतात तुझे? म्हणे, या शर्यतीला फी नसते, गरिबांसाठी सूप-बीन्सचे बंद डबे आम्हा चर्चवाल्यांकडे आणून द्यायचे असतात. येताना प्रत्येकाची बॅग जड, जाताना रिकामी. दरवर्षी सांगते, कधी ऐकलंस? बायकोचा वाढदिवस सापडत नाही आणि निघालाय बॉम्बवाला शोधायला.
मी शांतपणे विचारलं, तुला हे सगळं एवढं नेमकं कसं माहीत?
तिने कोट चढवला, पिवळे हातमोजे घातले, समीरच्या आईकडे जाते म्हणाली आणि दार आपटून गेली.
असले हातमोजे बाजारात सर्रास मिळतात.

रविवार.
काल कोणीतरी घिमिऱ्यांच्या दुकानाची काच फोडली. वीट समीरच्या आईच्या कपाळाला लागली. समीरला कामावर येऊ नको म्हणून सांगितलंय. वाईट झालं. ग्रुपवर पहिला निषेध मीच नोंदवला.
साथीदारही सापडली म्हणे. लोर्ना हफ. आडनाव वाचून योगायोग वाटला. मग पत्ता वाचला.
लोर्ना फोन उचलत नाही. ग्रुपवर लिहिलं, अहो, ती माझी बायको आहे. उत्तर आलं, मग इतके दिवस लपवून का ठेवलंस?

सोमवार.
खरा माणूस पकडला. बॉम्ब आदल्या रात्रीच कचऱ्याच्या पिंपात ठेवून गेला होता. एकाही फोटोत नाही. म्हणजे फोटोंवरून तो कोणालाच सापडला नसता. माझ्या पद्धतीत दोष नव्हता.
ग्रुप बंद. तज्ज्ञ गायब. समीरची माफी कोणी मागायची, हे ठरायचं राहून गेलं. लोर्ना अजून तिकडेच.

मंगळवार.
तिला आणायला घिमिऱ्यांच्या दुकानात गेलो. खिडकीला पुठ्ठा लावलाय. समीर दिसला नाही. लोर्ना फळीवर डाळीचे पुडे लावत होती. मी उभा राहिलो.
गल्ल्यावर समीरची आई, कपाळाला पट्टी. तिने लोर्नाला विचारलं, हा माणूस कोण गं, मघापासून तुझ्याकडे बघत उभा आहे?
लोर्ना वळली. माझा चेहरा नीट, सावकाश बघितला. म्हणाली, कोण जाणे गं, मी नाही ओळखत.
मी मिठाचा पुडा घेतला आणि बाहेर पडलो. घरी मीठ भरपूर आहे.